भीतीचा कारखाना

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की बोनस, महागाई भत्ता, फार तर कंत्राटी पद्धत, यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार अशी श्रोत्यांची तयारी असते. त्यामुळे मनोरंजनाच्या उद्यानांतल्या गाड्या हा विषय आम्ही कळवला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी दोनदा विचारून घेतले, "विषय हाच ना?" विषय हाच. तो आमच्या रोजच्या कामापासून वाटतो तितका लांबचा नाही, हे पुढे दिसेलच.

काही वर्षांपूर्वी आमच्या सभासदांच्या मुलांची सहल घेऊन आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात गेलो होतो. हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. तेथे नायट्रो नावाची गाडी आहे, जिच्यात पायांखाली तळच नसतो आणि माणूस बाकासकट उलटा होतो. इंग्रजीत हिला रोलर कोस्टर म्हणतात, आम्ही आपली घसरगाडी म्हणू. पोरांनी आग्रहाने आम्हांला तिच्यात बसवले. उतरलो तेव्हा पाय लटपटत होते आणि पोरे पोट धरून हसत होती. परंतु आम्हांला खरे नवल वाटले ते नंतर. वर माणसे किंचाळत होती आणि खाली फलाटावर जी तरुण मुले-मुली कामाला होती, त्यांच्या चेहऱ्यावर साच्यापाशी उभ्या असलेल्या विणकराची शांतता होती. वर भीती आणि खाली पाळी. हा तर कारखाना झाला! उरलेला दिवस आम्ही कुंपणापाशी उभे राहून ती गाडी नुसती पाहत बसलो आणि घरी आल्यावर मिळेल ते वाचायला घेतले. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि नगर वाचनालयाने केले, तेव्हा ज्ञानाचा दावा नाही. जे समजले ते समजले तसे सांगतो.

घसरगाडीचे मूळ रशियात आहे. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडी चौकटी उभ्या करून त्यांवर पाणी ओतीत, ते गोठे, आणि लोक त्यावरून घसरत. पॅरिसमध्ये बर्फ पुरेसा नव्हता म्हणून १८१७ साली तेथे त्याच कल्पनेला चाके लावली. फ्रेंच लोक आजही घसरगाडीला 'रशियन डोंगर' म्हणतात. पण आमच्या मते तिचा खरा पूर्वज एक खाणीची रेल्वे आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया प्रांतात माउक चंक म्हणून गाव होते. तेथे १८२७ साली डोंगरावरच्या खाणीतून खालच्या कालव्यापर्यंत कोळसा नेण्यासाठी सुमारे ९ मैलांचा उताराचा रूळमार्ग बांधला. कोळशाचे डबे स्वतःच्या वजनाने खाली येत. रिकामे डबे खेचरे वर ओढून नेत, आणि ही खेचरे खाली येताना डब्यात बसून येत! पुढे कोळशाला दुसरा रस्ता मिळाला आणि त्याच रुळांवर हौशी लोक पैसे देऊन बसू लागले. ज्या उतारावर खाणकामगाराने जिवावर उदार होऊन ब्रेक धरले, त्याच उतारावर शहरी माणसे मौज म्हणून तिकीट काढू लागली. यात रागावण्यासारखे काही नाही. पण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यानंतर १८८४ साली लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकाठी पहिली नाव घेण्यासारखी घसरगाडी उभारली. भाडे ५ सेंट, वेग ताशी ६ मैलांच्या आसपास. आमची सायकल याहून जोरात जाते. तरीही लोकांनी रांगा लावल्या.

आता यंत्राकडे वळू. पहिली गोष्ट ही की जुन्या पद्धतीच्या घसरगाडीला इंजिन नसते. साखळी तिला एकदा वर ओढून नेते आणि सोडून देते. तेथून फलाटावर परत येईपर्यंत ती साखळीने दिलेल्या उंचीवर जगते, म्हणजे भांडवल खाऊन जगते. प्रत्येक चढावर वाऱ्याचे आणि चाकांच्या घर्षणाचे व्याज कापले जाते, म्हणून पुढचा डोंगर मागच्याहून ठेंगणाच ठेवावा लागतो. किती ठेंगणा, यातच रचनाकाराची परीक्षा असते. हिशेब फार सढळ केला तर गाडी वेगाने आदळत जाते, आणि फार काटकसरीने केला तर थंडीच्या किंवा जोराच्या वाऱ्याच्या दिवशी ती पुढच्या चढावर पोहोचत नाही. मागे घरंगळते आणि दोन चढांच्या मधल्या खळग्यात झोके खात थांबते. या खळग्याची आठवण ठेवावी, आपण तेथे परत येणार आहोत.

डोंगराच्या माथ्यावरून गाडी झपकन खाली वळते तेव्हा पोटात गोळा येतो. शरीर सरळ पुढे जाऊ पाहते आणि बाक खाली निघून जातो. गाडीचेही तसेच होते, तीही रूळ सोडून उडू पाहते. जॉन मिलर नावाच्या कारागीर वृत्तीच्या इंजिनियराने यावर इलाज काढला आणि १९१९ साली त्याचे पेटंट घेतले. रुळावर चालणारी चाके असतातच, बाजूने धरणारीही असतात, त्याने रुळाच्या खालून धरणारी तिसरी चाके लावली. आता गाडी रुळाला मिठी मारून बसली. मौज अशी की या सुरक्षेमुळे भीती कमी झाली नाही, ती दसपट वाढली. गाडी सुटणार नाही अशी खात्री झाल्याबरोबर रचनाकार अधिक उभे उतार आणि अधिक आखूड वळणे काढू लागले.

असेच दुसरे उदाहरण चढावरच्या आवाजाचे. साखळी वर ओढत असताना खट् खट् खट् असा जो आवाज येतो, त्याने अर्धी माणसे देवाचे नाव घेऊ लागतात. तो आवाज एका खटक्याचा असतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जसा खटका एकाच बाजूला चाक फिरू देतो, तसा हा गाडीला फक्त वर जाऊ देतो. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून तो आहे. इंग्रज कारागीर त्याला कुत्रा म्हणतात. म्हणजे रखवालीचा कुत्रा भुंकतो आहे आणि घरातलीच माणसे घाबरत आहेत! अलीकडे आवाज न करणारी साधने निघाली आहेत, पण आम्हांला तो आवाज हवासा वाटतो.

उभ्या रिंगणाची कथा याहून बोधप्रद आहे. १८९५ साली कोनी आयलंडलाच गाडी पूर्ण उलटी फिरवणारे एक रिंगण बांधले गेले. ते कंपासाने काढावे तसे वाटोळे होते, आणि प्रवाशांच्या माना दुखावू लागल्या. हिशेब पाहा. वाटोळ्या रिंगणाच्या शेंड्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी शिरताना प्रवाशाला आपले वजन सहापट झाल्यासारखे वाटते. रिंगण लहान करा की मोठे करा, हा सहाचा आकडा बदलत नाही. दोष मापात नव्हता, आकारात होता. हे कोडे नीट सुटायला १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन उद्यानासाठी अँटोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल या दोघा जर्मनांनी रिंगणाला उलट्या थेंबाचा आकार दिला, म्हणजे तळाशी ऐसपैस आणि शेंड्याला आवळत गेलेला. तळाशी वेग जास्त तेथे वळण सौम्य, आणि शेंड्यावर वेग कमी तेथे वळण कडक. मानेवरचा भार आटोक्यात आला.

हा वाक रेल्वेवाल्यांना जुनाच ओळखीचा होता. रेल्वेचे वळण एकदम सुरू होत नाही. सरळ रुळाला हळूहळू बाक देत देत ते पुऱ्या वळणात नेतात, नाहीतर वळणाच्या तोंडाशी प्रत्येक डबा धक्का खाईल. आमचे वडील दौंड-मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनावर पोर्टर होते. गँगमन लोक दोरी ताणून वळणाचा बाक मोजताना आम्ही लहानपणी पाहिले आहेत. त्या दोरीचा आणि कॅलिफोर्नियातल्या किंकाळ्यांचा संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

येथवर भीतीची यंत्रे झाली. पण भीतीला देखावाही लागतो, आणि त्या बाबतीत डिस्नेच्या लोकांचे श्रेय मान्य केले पाहिजे. आमच्यासारख्यांना वॉल्ट डिस्ने हे नाव आधी आठवते ते १९४१ सालच्या त्यांच्या चित्रकारांच्या संपामुळे. तो संप अनेक आठवडे चालला आणि शेवटी मालकाला युनियन मान्य करावी लागली. असो. १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा ते रचणारी बरीच माणसे सिनेमाच्या स्टुडिओतून आलेली होती. आपल्या नाटकमंडळीच्या रंगविलेल्या पडद्यावर राजवाड्याचे खांब मागे मागे लहान होत जात आणि पाच हातांच्या रंगमंचावर अर्धा कोस खोल दरबार दिसे, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. तीच युक्ती त्यांनी विटामातीत केली. रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यांपेक्षा लहान बांधले, म्हणजे त्या उंच वाटतात आणि तरी लहान मुलाला दडपण येत नाही. १९५९ साली त्यांनी स्वित्झर्लंडच्या मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृती उभी केली. मूळ शिखर ४,४७८ मीटर, प्रतिकृती १४७ फूट, म्हणजे सुमारे शंभरावा हिस्सा. तिच्या अंगावर खाली मोठी आणि वर खुजी झाडे लावली, म्हणजे डोळा फसून उंची आपोआप वाढते. त्या डोंगराच्या पोटातून जाणारी घसरगाडी पोलादी नळ्यांच्या रुळावर धावली. लाकडी चौकटीच्या मानाने नळी हवी तशी वाकवता येते, आणि पुढची सगळी उलटीपालटी वळणे या नळीमुळे शक्य झाली.

१९६९ सालच्या त्यांच्या भुताच्या वाड्यात तर दोन गोष्टी एकत्र आहेत. एका दालनात पारदर्शक भुते जेवणाच्या टेबलाभोवती नाचतात. ती युक्ती १८६२ सालापासून लंडनच्या रंगभूमीवर चालत आलेली आहे. मोठी काच तिरपी उभी करायची आणि प्रेक्षकाला न दिसणाऱ्या जागी ठेवलेल्या उजळ आकृतीचे प्रतिबिंब तीत पाडायचे. रात्री उजेडाच्या खोलीतून खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या अंधारात तरंगताना दिसतो, तेच हे. दुसरी गोष्ट मात्र रंगभूमीची नाही, कारखान्याची आहे. या वाड्यात प्रेक्षक चालत नाहीत. न थांबणाऱ्या साखळीला जोडलेल्या खुर्च्यांत बसतात, आणि खुर्ची ठराविक जागी ठराविक बाजूला आपोआप वळते, म्हणजे जे दाखवायचे तेच दिसावे आणि मागची दोरी-पुली दिसू नये. या पद्धतीने तासाला दोन हजारांच्या वर माणसे आतून निघतात. कारखान्यात पट्ट्यावरून माल जातो आणि माणूस जागच्या जागी काम करतो. येथे बाहुल्या जागच्या जागी काम करतात आणि माल म्हणून माणूस जातो. आणि माल पैसे देऊन जातो! रांगसुद्धा रचलेली असते. ती नागमोडी वळवतात, म्हणजे पुढची लांबी दिसत नाही आणि माणूस सतत चालतो आहे असे त्याला वाटते. रेशनच्या दुकानापुढे आयुष्य काढलेल्यांना ही युक्ती कोणी आधी सांगायला हवी होती.

आता सगळ्यात महत्त्वाचे यंत्र, जे तिकीट काढणाऱ्याला कधीच दिसत नाही. एकाच रुळावर एका वेळी चार-चार गाड्या धावत असतात, कारण एकच गाडी चालवली तर धंदा परवडणार नाही. त्या एकमेकींवर आदळत का नाहीत? उत्तर आमच्या वडिलांच्या स्टेशनात होते. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला वेताच्या कड्यात अडकवलेल्या पिशवीतून पोलादी गोळा दिला जाई. गोळा हातात असेल तरच त्याने पुढच्या स्टेशनापर्यंत जायचे. यंत्रातून एका वेळी एकच गोळा निघे, म्हणून त्या टापूत एका वेळी एकच गाडी. या टापूला ब्लॉक म्हणतात. घसरगाडीचा मार्गही असाच ब्लॉकांत तोडलेला असतो. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी थांबवता येईल अशी जागा असते, साखळीचा माथा किंवा ब्रेकचा पट्टा. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याची खूण रुळावरच्या संवेदकांकडून आल्याशिवाय संगणक गाडीला सोडत नाही. मॅटरहॉर्नच्या गाड्या याच तत्त्वावर एकामागून एक सुटत. ब्रेकचे तत्त्वही रेल्वेचेच. हवेचा दाब असेल तर ब्रेक उघडतो, आणि नळी फुटली, वीज गेली, की तो आपोआप आवळतो. म्हणजे यंत्राला काही कळेनासे झाले की त्याने थांबायचे, ही त्याची जन्मजात सवय. माणसात ही सवय दुर्मिळ आहे.

इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात ऑल्टन टॉवर्स नावाचे उद्यान आहे. तेथे २०१३ साली 'स्मायलर' ही गाडी सुरू झाली. तिच्यात माणूस चौदा वेळा उलटा होतो, तो जागतिक उच्चांक होता. २ जून २०१५ रोजी तिच्यात बिघाड झाला आणि इंजिनियर दुरुस्तीला लागले. त्या दिवशी नेहमीपेक्षा एक गाडी जास्त मार्गावर आणली होती. वारा जोराचा होता. एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली, ती एका चढावर पोहोचली नाही, मागे घरंगळली आणि खळग्यात थांबली. तोच खळगा. ती तेथे अडकली आहे हे दुरुस्तीच्या माणसांच्या लक्षात आले नाही. यानंतर सोळा प्रवाशांची गाडी निघाली. संगणकाने ती चढाच्या माथ्याशी थांबवली, कारण पुढचा ब्लॉक रिकामा नव्हता. यंत्र बरोबर होते. पण माणसांना वाटले, सकाळपासून बिघडलेले यंत्र आणखी एकदा बिघडले. त्यांनी ब्लॉकची अडवणूक हाताने मोडली आणि गाडी पुढे सोडली. ती खाली येऊन रिकाम्या गाडीवर आदळली. अनेक जण जखमी झाले, आणि दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने आपल्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. मानवी चूक. आम्ही हे दोन शब्द गेली तीस वर्षे वाचत आलो आहोत, त्यामुळे येथे जरा थांबतो.

आमच्या भागातल्या एका कारखान्यात पत्रा कापणारे पॉवर प्रेस होते. प्रेसला दोन बटणे असतात, दोन हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो. उद्देश उघड आहे, ठोका पडताना दोन्ही हात बटणांवर असावेत, साच्यात नसावेत. पण दोन हात गुंतले की माल कमी निघतो. एके दिवशी एक बटण लाकडी पाचर मारून कायमचे दाबून ठेवलेले होते. एकवीस वर्षांच्या कंत्राटी पोराची तीन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर लिहिले होते, कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही विचारले, पाचर कोणी मारली? कोणी सांगेना. मग विचारले, ताशी किती ठोके पडले पाहिजेत हे कोणी ठरवले? ते फळ्यावरच खडूने लिहिलेले होते. दोन्ही हात वापरून तेवढे ठोके पडतच नव्हते, हे आम्ही घड्याळ लावून व्यवस्थापकांसमोर दाखवले. नुकसानभरपाई मिळाली, फळ्यावरचा आकडा बदलला. बोटे गेली ती गेली.

ऑल्टन टॉवर्सच्या बाबतीत सरकारी सुरक्षा खात्याने स्वतंत्र चौकशी केली. रुळांत, गाड्यांत, नियंत्रणाच्या यंत्रात दोष सापडला नाही. पण खाते तेथे थांबले नाही. गाडी चालू असतानाच बिघाड काढणाऱ्या माणसांनी कोणत्या क्रमाने काय तपासायचे, ब्लॉक कोणी, कोणाला विचारून, काय पाहून मोडायचा, याची धड पद्धतच कंपनीने घालून दिलेली नव्हती, म्हणून दोष अमक्या-तमक्या इंजिनियरचा नसून मालकाचा आहे, असे त्यांनी मांडले. कंपनीने गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१६ मध्ये स्टॅफर्डच्या न्यायालयाने ५० लाख पौंडांचा दंड ठोठावला. रचनाकाराने गाडी रुळावरून उडू नये म्हणून खालून चाके लावली, मागे येऊ नये म्हणून खटका लावला, आदळू नये म्हणून ब्लॉक केले, आणि एवढ्या सगळ्यानंतर ज्या ठिकाणी माणूस यंत्राला 'तू चूक आहेस' असे म्हणू शकतो, ते एक ठिकाण तसेच उघडे राहिले. त्या ठिकाणाचाही आराखडा काढावा लागतो. तेथे कोण उभा असेल, त्याला किती घाई असेल, त्याच्या वरचा साहेब दर पाच मिनिटांनी काय विचारीत असेल, हे कागदावर मांडावे लागते. आमच्या मते हेही इंजिनियरीच आहे, मग पदवीच्या पुस्तकात ती असो वा नसो.

खोपोलीला त्या दिवशी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर फलाटावरच्या मुलीला आम्ही गाठले. पंचविशीच्या आतली असेल. आधी ती जरा बिचकली, पाहुणे सहसा चप्पल हरवली म्हणून येतात. आम्ही म्हटले, "पोरी, एकच विचारायचे आहे. गाडी सोडायचे बटण तुझ्या हातात आहे?"

"एकटीच्या नाही, काका. मी इथून दाबते आणि समोरचा तिथून. दोघांनी दाबली तरच सुटते."

"आणि थांबवायचे?"

"ते मी एकटीही दाबू शकते. तोही. आमच्यातलं कुणीही."

"दाबलेस कधी?"

"दोनदा. एकदा एका मुलाच्या खांद्यावरचा दांडा नीट बसला नाहीसं वाटलं म्हणून. बसलेला होता."

"मग साहेब काय म्हणाले?"

ती हसली. "विचारलं, का दाबलंस. मी सांगितलं. बरं म्हणाले." एवढे बोलून तिने आमच्याकडे पाठ केली, कारण पुढची गाडी आत येत होती आणि तिला एकेका बाकाशी जाऊन दांडे ओढून पाहायचे होते.